दोन बाटल्यांविरुद्ध एक तांब्या

सन दोन हजार पंचवीस, एप्रिल महिन्यातील एक शनिवार. स्थळ इंग्लंडमधील रीडिंग शहर, एका विटांच्या घराच्या स्वयंपाकघरातील खिडकी. मित्रांनो, या दिवशी आणि या स्थळी माझ्या प्रकरणाचा निकाल लागला. तो ऐकण्यापूर्वी माझी बाजू ऐकून घ्या.

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझे झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसते, म्हणून फिरकीचा. पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराने मला घडवले आणि ठोक्यावर ठोके देत माझ्या अंगावर मठारकाम केले. त्या बारीक खळ्यांवर ऊन पडले की मी झगमगत असे. अनुयाताई लग्नानंतर परदेशी निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला त्यांच्या सामानात ठेवले. अनुयाताई आणि त्यांचे यजमान परीक्षितराव संगणकाच्या कचेऱ्यांत काम करतात आणि दर उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठचे एखादे पुरातन शहर पायी पालथे घालतात.

व्हॅलेटाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या मी पाहिल्या. दुब्रोव्निकच्या तटाआतील दगडी कारंज्यावर मी काठोकाठ भरलो. सिराक्यूजमध्ये जुन्या देवळाचे खांब आजही चर्चच्या भिंतीत उभे आहेत; तेथील चौकात परीक्षितरावांनी मला उंच धरून वरून धार सोडली. निम्मे पाणी घशात गेले, निम्मे शर्टावर. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

"अरे, पितोयस की आंघोळ करतोयस?" अनुयाताईंनी विचारले.

"दोन्ही. हॉटेलातल्या शॉवरला कुठं धार आहे!"

तोंड न लावता, उष्टे न करता दोघांनी एकाच भांड्यातून प्यावे, ही माझी रीत. मी सदैव अनुयाताईंच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. घरी परतल्यावर चिंच-मिठाने मला लख्ख करण्यात येई. यापरते वैभव कोणते?

सिराक्यूजहून परतताना विमानतळावर घात झाला. विमानाला फार उशीर झाला होता. तपासणीच्या पट्ट्यावरून एका अधिकाऱ्याने मला दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस, सर."

परीक्षितरावांना वाटले, वाया गेलेल्या वेळाबद्दल बोलतो आहे. ते प्रसन्नपणे उत्तरले, "नो प्रॉब्लेम! हॅपन्स एव्हरी इयर!"

अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मित्रांनो, इकडे माणसाच्या अस्थी अशाच झाकणबंद कलशात ठेवतात. अनुयाताईंच्या ते ध्यानात आले आणि त्या लाजेने लाल झाल्या. "तू दरवर्षी कुणाला तरी पोचवून येतोस, असं वाटलं असेल त्याला," त्या विमानात पुटपुटल्या. "बास झालं. मी हा पुन्हा आणणार नाही."

आठवड्याभरात घरात दोन बाटल्या आल्या. एक हिरवी, एक राखाडी. त्यांचे पाणी म्हणे दिवसभर गार राहते. मी विचारतो, त्यात बाटलीचे कर्तृत्व काय? पाणी गार होते, ते तिने केवळ अडवून धरले! बोटाने दाबले की तिचे झाकण उघडते. जे उघडायला कष्ट नाहीत, त्याची किंमत कोण ठेवणार? परंतु त्यांना मऊ ब्रशने धुण्यात येई आणि मला खिडकीत धूळ मिळे. पुढच्या प्रवासात बाटल्या ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर गेल्या, मी गेलो नाही. परतल्या तेव्हा हिरवीच्या पोटावर ऱ्होड्सच्या हरणाचे चित्र चिकटवलेले होते. ते हरीण पाहून माझे तांबे आतल्या आत जळले.

आणि मग सिंकपाशी मी हे ऐकले.

"ऱ्होड्सला मी वेशीपाशी एकटी बसून होते. अख्खी दुपार," अनुयाताई म्हणाल्या.

"अगं, तुझी बाटली होती ना तुझ्याकडे?"

"पाण्याचं नाही रे बोलत मी. तांब्या माझ्याकडे असायचा. कितीही पुढे गेलास तरी तहान लागली की तू परत यायचास."

परीक्षितराव बराच वेळ बाटली पुसत राहिले. माझ्या आनंदाला सीमा उरली नाही. खटला मी जिंकला होता! पण त्यानंतरही मला कोणी हात लावला नाही.

या एप्रिलमध्ये थेसलोनिकीची तयारी सुरू झाली. ग्लासगोला डॉक्टरकी शिकणारी त्यांची कन्या अन्वी सुट्टीत आली होती. तिने मला उचलले. "आई, ही तांबी चॅरिटी शॉपला देऊ? कोणी यूजच नाही करत."

"तांबी काय गं? तांब्या. तो."

"ओके, तो. देऊ?"

"खबरदार!" परीक्षितराव धावत आले. "हा आमच्याबरोबर येतोय. दोघांत एकच भांडं. मी ठरवलंय."

त्यांनी झाकणाला हात घातला. झाकण हलेना. फडके घेतले, गरम पाणी ओतले, दात-ओठ खाल्ले. वापराविना माझ्या आट्यांत हिरवा कळंक चढला होता आणि मी माझे तोंड स्वतःच बंद करून बसलो होतो. त्यांनी लाटणे उचलले.

"ठोकू नकोस! पोचा पडेल त्याला," अनुयाताईंनी त्यांचा हात धरला.

मित्रांनो, मला कोणी फोडले नाही, विकले नाही; नुसते उघडले नाही. एवढ्याने मी गेलो. म्हणून हात जोडून सांगतो, आवडत्या वस्तूला शोभेला बसवू नका, तिला कामाला लावा. हत्यार असो वा भांडे, माणसाचा हात फिरत राहिला तरच त्याचे आटे मोकळे राहतात.

अनुयाताईंनी मला ओढणीच्या टोकाने पुसले आणि खिडकीत ठेवले. मग हिरवी बाटली फडताळात टाकली आणि राखाडी आपल्या खांद्यावरच्या पिशवीत घातली. माझी जागा, माझी रीत, माझा युक्तिवाद, सारे त्या राखाडीला मिळाले.

"हा आता उघडायचा नाही," त्या म्हणाल्या. "एकच बाटली नेऊ. माझ्याकडे राहील."