जिन्यापाशी तुटणारी गोष्ट

दत्तक मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या खोलीत एक नियम होता. मुलाला घरी आणलं त्या दिवसाची गोष्ट आईबाबांनी सांगायची आणि मुलाने वाटेल तिथे "थांबा" म्हणायचं. म्हटलं की पुढे जायचं नाही, तिथलंच सांगायचं.

ढब्बूने, वय चौदा, पहिली वीस मिनिटं तोंड उघडलं नाही. गेले दोन महिने ती घरीही अशीच होती. कारण विचारलं की दार लावून घ्यायची. म्हणून तिघं इथे आले होते.

आई सांगत होती. संस्थेचं पिवळं दार, फॉर्मांचा गठ्ठा, पानापानावर बाबांच्या सह्या. "मग आम्ही जिना उतरलो, गाडीत बसलो आणि..."

"थांबा."

बाबा छताकडे पाहू लागले.

"दर वेळी जिना आला की आई घाई करते," ढब्बू ताईंना म्हणाली. "आणि बाबांना नेमकी तेव्हाच तहान लागते." मग ती आईकडे वळली. "तुम्ही दुसऱ्याच बाळाला न्यायला गेला होतात ना? ते मिळालं नाही, म्हणून मला आणलंत. खरं सांग."

"काहीतरीच काय बोलतेस, अगं!"

"मग जिन्यावर काय झालं?"

"अहो, तुम्ही सांगा."

"मी? न बोलण्याची शपथ तू घातलीस, आणि मोडायची मी?"

"कुणीही सांगा," ताई म्हणाल्या, "पण जिन्यावरचंच सांगा."

बाबांनी घसा खाकरला. "माझ्याकडे फाइल आणि दुधाची बाटली. हिच्याकडे दुपटी, लंगोटांची पिशवी, तुझं टोपडं. गाडीपाशी आलो. मी म्हटलं, दे बाळाला, तू आधी बस. ही म्हणते, बाळ तुमच्याकडे आहे ना?"

ढब्बूचे डोळे विस्फारले.

"तू वर, सांभाळणाऱ्या मावशींच्या मांडीवर. त्या खिडकीतून ओरडल्या, अहो, मुख्य ऐवज राहिला की! तुझी आई अनवाणी धावली. चपला कुठे गेल्या, अजून पत्ता नाही."

"एकदा कुणीतरी तुला मागे ठेवून गेलं होतं," आई डोळे पुसत म्हणाली. "त्यावर आम्हीही विसरलो, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"पण आला होतात माझ्यासाठीच?"

"तुझ्याचसाठी. तीन महिने तुझा फोटो फ्रिजवर होता. येईल त्याला दाखवून मी वीट आणला होता."

ढब्बूने जरा विचार केला.

"टोपडं आठवलं आणि डोकं विसरलात?"

ताईंनाही हसू आवरेना. आई रडता रडता हसत सुटली.

"आजीला माहीत आहे हे?"

"नाही! आणि कळताही कामा नये," बाबा म्हणाले. "माझी आई जन्मभर ऐकवेल मला."

ढब्बूने तोवर फोन लावलाही होता. "आजी, बसली आहेस ना? मला आणायच्या दिवशी तुझ्या लेकाने काय केलं, ऐक."

"स्पीकरवर टाक," आई म्हणाली.