मास्तरांचे मोजे

मी ऑर्गन बोलतोय. उपनगरातल्या चर्चमध्ये, दारावरच्या माडीत माझा मुक्काम. जरा मोठ्यानंच बोलतोय, पण काय करू? मध्यंतरी माझी बोलतीच बंद झाली होती. तेव्हाची भरपाई आता करतोय.

माझ्याआधी इथं एक चिमुकला ऑर्गन होता. चार घरांच्या वस्तीला तो पुरायचा. पुढं कारखाने आले, बाकं भरू लागली, आणि गाणाऱ्यांच्या आवाजात तो बिचारा बुडून जायला लागला. मग मला बांधलं. त्याला मात्र टाकलं नाही. त्याच्या बारीक नळ्या माझ्याच अंगात बसवल्या. म्हणजे माझा वरचा गळा थोरल्या भावाचा आणि खालचा माझा स्वतःचा. खालच्या नळ्या दोन पुरुष उंच. त्या घुमल्या की बसलेल्यांच्या तळपायांना कळायचं.

मला पहिल्यांदा वाजवलं ते मास्तरांनी. हात सोन्याचा, स्वभाव मात्र चालढकलीचा. आणि माझीही एक खोड आहे. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, नळीखालची झडप उघडीच राहते आणि एकच सूर भोंग्यासारखा वाजत सुटतो. एकदा भर प्रार्थनेत हे झालं. मास्तर माझ्या मागं गेले, पायातला मोजा काढला आणि कोंबला नळीच्या तोंडात! सूर चिडीचूप. "उद्या काढतो," असं स्वतःशीच पुटपुटले. तो उद्या काही उजाडला नाही. हवा कोरडी झाली, झडप आपोआप जागेवर बसली, मोजा तिथंच. पुढं दर दमट हवेत नवा मोजा. घरी मास्तरीणबाई धोब्यावर डाफरायच्या.

मास्तरांमागं त्यांची लेक वाजवायला बसली. तिला सगळे मावशी म्हणतात. खाण तशी माती! तिनंही एकदा असाच गळ्यातला स्कार्फ कोंबला आणि विसरून गेली. वडिलांचे प्रताप मात्र तिला ठाऊक नव्हते.

माझा खालचा गळा असा हळूहळू पार बसला. लोक म्हणायला लागले, ऑर्गन म्हातारा झाला. अहो, म्हातारा कसला, तोंडात बोळा आहे! पण हे सांगणार कोणत्या तोंडानं?

शेवटी समितीच्या अध्यक्षांनी ठरवलं, याला भंगारात काढायचं आणि विजेवरचा छोटा बाजा आणायचा. मावशी कुणाशी भांडली नाही. सगळे गेल्यावर माझ्या पट्ट्यांवर डोकं टेकून रडली.

रविवारी भंगारवाला यायचा होता. त्याआधी वडिलांची आठवण म्हणून एक नळी घरी न्यावी, म्हणून मावशीनं भाचीला आणलं. भाची पाण्याचे नळ दुरुस्त करते. हेही नळच, असा मावशीचा हिशोब. भाचीनं एका जाड नळीच्या तोंडात हात घातला आणि म्हणाली, "मावशी, हे तुंबलंय गं."

बाहेर आला करडा मोजा. टाचेला निळ्या दोऱ्याची रफू.

"ही रफू माझ्या आईची," मावशी म्हणाली आणि मोजा उलटसुलट करून पाहायला लागली.

मग काय, दोघींनी मला आतून बाहेरून धुंडाळलं. मोज्यांचा ढीग झाला. सगळ्यांत शेवटी निघाला लाल स्कार्फ. हा कुणाचा, असं भाचीनं विचारल्यावर मावशी लाजून म्हणाली, "माझाच." मग दोघी पोट धरधरून हसल्या. मावशी हसताना डोळेही पुसत होती.

रविवारी भंगारवाला गाडी घेऊन हजर. मावशीनं पहिलंच गाणं सुरू केलं आणि मी सगळा गळा मोकळा सोडला! काचा थरथरल्या. डुलक्या काढणारे ताडकन उठले. गाणारे आधी गायचंच विसरले, आणि मग असे गायले की रस्त्यावरची माणसं आत आली. भंगारवाला टोपी काढून मागच्या बाकावर बसला. गाणं संपल्यावर म्हणाला, मी हे नेणार नाही, मला पाप लागेल. अध्यक्षांनी तर कमालच केली. "याला काढायचं असं म्हणालं तरी कोण?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

परवा हवा पुन्हा दमट झाली आणि माझा एक सूर अडकला. मोज्यांची गोष्ट एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालेली; अध्यक्ष धावत माडीवर आले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

"मोज्याला हात लावायचा नाही," मावशी म्हणाली.

तिनं पुढचं गाणं त्याच सुरावर धरलं. खाली सगळं चर्च त्याच सुरावर गात होतं, अध्यक्ष एका पायात बूट घालून माडीवरून गात होते.

तेवढंच मागणं आहे बाबांनो. माझा सूर अडकला तर अडकू द्या. तुम्ही त्यावर गा.