शिशाचं बूच

कान्हूला बांधलं ते सगळ्या खाणीच्या देखत. वाफेचं इंजिन चालवणाऱ्या बजरंग मिस्त्रीने झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्याने टोले दिले, खडी फोडणारी माणसं आणि पाट्या वाहणाऱ्या बाया गोळा केल्या आणि मासे धरायचं एक जाळं उंच धरून दाखवलं. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्यांमध्ये एक पितळी वस्तू ओवलेली होती. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब, एका टोकाला चौकोनी डोकं. मिस्त्री म्हणाला, ही आपल्या इंजिनाची वस्तू. ही चोरीला गेली म्हणून मागच्या आठवड्यात इंजिन दोन दिवस बंद पडलं, आणि आज ती ठाकरवाडीत कान्हूच्या झोपडीबाहेर मिळाली. पोलीस पाटील हौशीराम यांनी वस्तू ताब्यात घेतली, कान्हूचे हात दोरीने बांधले आणि त्याला चावडीत नेऊन बसवलं. उद्या सकाळी खाणीवर पंचनामा करायचा आणि मग त्याला वडगावच्या कोठडीत पाठवायचं, असं ठरलं.

कान्हूची बायको कमळाबाई त्याच गर्दीत उभी होती. वस्तू मला राखेत सापडली, असं तिने तीनदा सांगितलं. इंजिनाच्या भट्टीतली राख ओढ्याच्या कडेला टाकली जाई आणि वाडीच्या बाया ती चाळून अर्धवट जळलेला कोळसा वेचून नेत. हे खाणीवर सगळ्यांना ठाऊक होतं, मिस्त्रीलाही. पण तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाटलांनी एकदाच मिस्त्रीला विचारलं की ही वस्तू आहे तरी काय. इंजिनातलं तुम्हाला काय कळणार, असं म्हणून मिस्त्रीने जाळं गुंडाळलं.

ते उत्तर कमळाबाईच्या डोक्यात गेलं. ज्या वस्तूचं नावही सांगत नाहीत, तिच्या चोरीसाठी माणूस बांधतात? आणि बांधून नेणारा पाटील दुसरा शब्द विचारत नाही? कान्हू खाणीवर दोन वर्षं इंजिनाला पाणी वाहत होता, आणि त्याने कुणाची काडीही उचलली नव्हती. तिने पाटी तिथेच टाकली आणि लोणावळ्याची वाट धरली.

लोणावळ्यात ती दत्तोबांच्या घरी करवंदं द्यायला जाई. दत्तोबांनी तीस वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये बॉयलर धुण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली होती. दोन वर्षांपूर्वी घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा ते घरी बसले. कमळाबाई पोचली तेव्हा अंगणात त्यांची बायको झुंबरबाई नवी चूल घालत होती. कमळाबाईने सगळं सांगितलं, पण वस्तू पाटलांकडे होती. मग तिने झुंबरबाईच्या हातातला मातीचा गोळा मागून घेतला.

जाळ्याच्या गाठी मारताना तिने ती वस्तू इतकी हाताळली होती की बोटांना ती पाठ होती. तिने मातीची कांडी वळली, एक टोक जरा निमुळतं केलं, दुसऱ्याला चौकोनी डोकं काढलं. अंगावर नखाने आटे कोरले. शेवटी काडी घेऊन मधून आरपार भोक पाडलं.

दत्तोबा चष्मा लावून बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "भोक खरंच आरपार होतं?"

"व्हय आबा. म्हणून तर दोरी ओवली."

"आणि भोकाच्या आतल्या अंगाला?"

"शिसं. पातळ साल राहिलेली, वेडीवाकडी. आमच्या जाळ्याला शिसंच लागतं, मला वळखू येतं. मला वाटलं कुणाच्या तरी जाळ्याचं वजनच हाय."

दत्तोबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा बदललेला पाहून झुंबरबाईनेही हात थांबवले. ते चुलीजवळ बसले आणि एखाद्या मुलाला शिकवावं तसं त्यांनी कमळाबाईला समजावलं. चुलीवर हंडा असतो. हंड्यात पाणी आहे तोवर खाली कितीही जाळ केला तरी बूड जळत नाही. पाणी संपलं की बूड लाल होतं. बॉयलरचंही तसंच आहे. भट्टीच्या छतावर पाणी असतं, आणि त्या छताला खालून हे पितळी बूच बसवतात. त्याचं भोक शिशाने भरलेलं असतं. पाणी आहे तोवर शिसं टिकतं. पाणी छताखाली गेलं की शिसं वितळतं, भोक मोकळं होतं, वाफ भट्टीत घुसते आणि आग दबते. बॉयलर फुटायच्या आधी माणसांना पळायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी ते बूच.

"शिसं गेलंय म्हणजे पाणी नसताना आग चालू होती," दत्तोबा म्हणाले. "हे चोरलेलं नाही, कमळाबाई. हे वितळलंय, आणि वितळू देणाऱ्याने आपली चूक झाकायला ते राखेत फेकलंय."

कमळाबाईला आठवत होतं. वैशाखात ओढा आटत आला होता. इंजिन बंद पडलं त्या दिवशी सकाळी कान्हूने मिस्त्रीला सांगितलं होतं की पाण्याला उशीर होईल, इंजिन थांबवा. मिस्त्रीने त्याला हाकलून लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी पेटायच्या आत, दत्तोबा कमळाबाईबरोबर खाणीवर पोचले. पाटील आले होते, कान्हू दोरीला बांधलेला उभा होता. दत्तोबांनी बूच मागून घेतलं आणि पाटलांना दाखवलं. निमुळत्या टोकाला पाण्याचा पांढरा थर, डोक्याकडे काजळी, मधल्या भोकात शिशाची साल. बूच कशासाठी असतं तेही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी मिस्त्रीला विचारलं, चोरी कधी झाली?

रात्रीची, मिस्त्री म्हणाला. इंजिन गार असताना.

"गार भट्टीत शिसं वितळलं कसं?"

मिस्त्री म्हणाला, "वितळलं कशाला? ह्यांनीच कोरून काढलं असंल. ह्यांच्या जाळ्यांना शिसं लागतंच की."

दोघेतिघे हसले. पाटलांनीही मान डोलावली. कमळाबाईचं शिसं ओळखणं मिस्त्रीनं तिच्याच गळ्यात घातलं होतं. ती पुढे आली.

"मिस्त्री, इंजिन बंद पडलं ते कवा?"

मिस्त्रीने हातोडा दुसऱ्या हातात घेतला.

"मी सांगते. भर दुपारी. भट्टीच्या तोंडातनं वाफ सुटली, आन् आमी पाट्या टाकून पळालो. तुमी तर समद्यांच्या म्होरं पळत हुता." तिने बायांकडे पाहिलं. "पळालो का न्हाई?"

बाया म्हणाल्या, पळालो.

"मग रातीच बूच चोरलं आसंल, तर सकाळपासनं दुपारपतूर इंजिन चाललं कशावर? का माझा दादला जळत्या भट्टीत शिरून ते काढून आला?"

आता हसणारे मिस्त्रीकडे बघून हसत होते. दत्तोबा हसले नाहीत. त्यांनी कंदील मागवला, भट्टीचं दार उघडलं आणि पाटलांना आत डोकावायला लावलं. छताला बुचाच्या जागी एक भरीव लोखंडी बोल्ट पिळून बसवलेला होता.

"हा वितळत नाही," दत्तोबा म्हणाले. "आता पाणी संपलं तर छत फाटेल, पाटील. या बायांना पळायलाही वेळ मिळायचा नाही. इतके दिवस हे यांच्या शेजारी धडधडतंय. तुम्ही दोरी बांधली कुणाला?"

पाटलांनी डोकं बाहेर काढलं. कपाळाला काजळी लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. नवं बूच बसेपर्यंत भट्टी पेटणार नाही, आणि मिस्त्रीने खाणीचा ठेकेदार येईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग कान्हूजवळ जाऊन त्यांनी दोरी सोडली आणि खालच्या आवाजात म्हटलं, जा घरी.

कान्हू मनगटं चोळत निघाला. कमळाबाईने त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"बांधताना टोले दिले," ती पाटलांना म्हणाली, "आन् सोडताना गुपचूप?"

बघितलं की सगळ्यांनी, पाटील म्हणाले. पण सगळ्यांनी बघितलं नव्हतं. निम्मी माणसं खालच्या खड्ड्यात होती. त्यांच्या लेखी कान्हू अजून चोरच होता, आणि आठवडी बाजारात तीच माणसं वाडीला चोरांची वाडी म्हणणार होती. हातोडा मिस्त्रीच्या हातात होता, आणि तो पुढे करायला मिस्त्री तयार नव्हता. कमळाबाईने दत्तोबांच्या हातातलं बूच घेतलं, टांगलेल्या रुळापाशी गेली आणि त्याच बुचाने टोले द्यायला लागली. आवाज बारीक निघत होता. ती मारत राहिली. खड्ड्यातून एकेक डोकं वर आलं, मग माणसं आली, कडेने उभी राहिली.

पाटलांनी घसा खाकरला. कान्हू ठाकराने चोरी केलेली नाही, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"मोठ्यानं, पाटील," कमळाबाई म्हणाली. "मागच्यांना ऐकू न्हाई आलं."