मोकळेबाबांच्या अकरा फिती

त्या दिवशी ताईच्या बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खिडकीच्या गजांना धरून लोक उभे होते. सगळ्यांचे डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे लागले होते, कारण त्या दारात माझे भावजी उभे होते. उभे कसले, अडकले होते. शिवणकामात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. पण गेलं वर्षभर घरात चालता चालता त्यांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अंग पुढे जायचं आणि पाय मागेच राहायचे. त्यावर डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

मोकळेबाबांनी पिशवीतून पांढऱ्या कापडी फिती काढल्या. मोकळेबाबा हे नाव लोकांनीच दिलेलं. घशातल्या काट्यापासून कोर्टातल्या खटल्यापर्यंत अडकलेलं सगळं ते मोकळं करतात म्हणे. दारापासून खुर्चीपर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर, त्यांनी अकरा फिती आडव्या अंथरल्या.

"या घराच्या जमिनीनेच पाय धरलेत," बाबा गरजले. "शिवणाच्या दुकानात हे पाय चालतात की नाही? बोला माई!"

"चालतात. तिथे कधीच अडकत नाहीत," ताई म्हणाली.

"मग! दुकानात जाताना पाय बदलून जातात का? एक फीत, एक बेडी. ओलांड, बाळ!"

बाळ साठीचे होते. त्यांनी फितीकडे पाहिलं, पाय उचलला, फीत ओलांडली. मग दुसरी. अकराही फिती ओलांडून ते खुर्चीत जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला, ताई हमसून हमसून रडली. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"आता गोळ्या बंद," बाबांनी हात वर केला. "गोळीने बेडी घट्ट होते. आणि फिती तिसऱ्या दिवशी उचला. तोवर शक्ती जमिनीत मुरते." शक्ती मुरायला किती दिवस लागतात हे बाबांना अगदी पाठ होतं, जसं काही सिमेंटच्या पोत्यावर छापलेलं असावं.

माझं औषधांचं दुकान आहे. मी ताईला बाजूला घेतलं. "अगं, या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. डॉक्टरांना विचार तरी."

"तू गोळ्या विकतोस, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. डोळ्यांनी पाहिलंस ना?"

पाहिलं होतं, आणि तेच मला खात होतं. मग मी रागावून तिच्या घरी जाणंच सोडलं. भावजींच्या गोळ्या कपाटात तशाच पडून असणार हे ठाऊक असूनही मी आठ दिवस फुगून बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी ताईचा फोन आला. भावजी लाकडासारखे ताठ पडले होते. मान वळेना, घास गिळवेना, ताप फणफणला होता. फिती उचलल्यापासून पाय पुन्हा अडकत होते. बाबांना विचारलं तर "श्रद्धा कमी पडली" हे उत्तर. आम्ही तसंच उचलून त्यांना इस्पितळात नेलं.

"शेवटची गोळी कधी दिली?" मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नऊ दिवस झाले," ताई म्हणाली.

पंधरा दिवसांनी भावजी उठून उभे राहिले आणि वॉर्डाच्या दारात पुन्हा अडकले. बाईंनी खिशातून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, तिचे तुकडे फाडून फरशीवर आडवे चिकटवले आणि म्हणाल्या, "चला, मास्टर." भावजी पट्ट्या ओलांडत पार टोकापर्यंत गेले.

ताईने माझा दंड घट्ट धरला. "बाई, तुमच्याकडेही शक्ती आहे? घरात अडकतात, दुकानात नाही; बाबांनी फिती अंथरल्या तेव्हाही असेच चालले होते."

"माझ्याकडे फक्त चिकटपट्टी आहे. दुकानात खाली काय आहे तुमच्या?"

"काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी."

"आणि घरात?"

"गेल्या वर्षी नवी घातली. गुळगुळीत, एकरंगी." ताईचा आवाज बारीक झाला.

"बघा, चालताना आपण पावलापावलाचा विचार करत नाही. कुठला स्नायू आवळायचा, कुठला सोडायचा, तोल कसा धरायचा, हे मेंदूच्या आतला एक भाग परस्पर सांभाळतो. त्यासाठी एक रसायन लागतं. यांच्या मेंदूत ते कमी पडतं, म्हणून हुकूम मध्येच अडकतो. पण समोर रेघ दिसली की माणूस डबकं ओलांडावं तसं बघून, ठरवून पाऊल टाकतो. तो हुकूम मेंदूच्या दुसऱ्या वाटेने जातो. गोळी त्या रसायनाची भरपाई करते. ती एकदम तुटली आणि सगळं अंग आखडलं. अजून एक दिवस उशीर झाला असता तर ते हाती लागले नसते."

"म्हणजे त्या दिवशी ते चालले, ते खरं होतं?"

"अगदी खरं. बाबाने श्रेय तेवढं लाटलं."

भावजी वाचले. पण कात्री धरायचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. कापड बेतायला आता दुसरा माणूस बसतो. ताईसमोर हा विषय कुणी काढत नाही.

महिन्याने कळलं की मोकळेबाबा बेकरीवाल्याच्या आईचे पाय मोकळे करणार आहेत. मी निघायच्या आतच ताई तिथे पोचली होती. मी पोचलो तर तशीच गर्दी, तशाच फिती. म्हातारी दारात अडकलेली, आणि तिची सून गोळ्यांची डबी बाबांच्या हवाली करायला पुढे सरसावलेली.

"थांब गं," ताई म्हणाली. "त्या आत्ता चालतील. माझे यजमानही चालले होते. दवाखान्यातल्या चिकटपट्टीवरही चालले. रेघ कुणीही मारा, खडूने मारा, चालतात. बाबा, तुमच्या शब्दावर मी गोळ्या बंद केल्या. ते मरणाच्या दारात होते, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"माई, तुमची श्रद्धा…"

"श्रद्धा भरपूर होती हो! प्रश्न विचारायचा राहिला, तेवढंच चुकलं." ती गर्दीकडे वळली. "रेघा मारा, त्या उपयोगी आहेत. पण डोळ्यांना दिसलं म्हणून कारणही कळलं असं समजू नका. जो ते शिकलाय त्याला विचारा. मी नाही विचारलं."

सुनेने डबी पुन्हा मुठीत घेतली आणि चाचरत मला विचारलं, "दुपारची द्यायची राहिलीय. आत्ता दिली तर चालेल का?"