मौनाचा एकोणतिसावा दिवस

“एक शब्द बोलायचा होता. फक्त एक,” थोरली बांधावर उभी राहून नवऱ्याला म्हणत होती. “तेवढ्यानं काय जिभेला फोड येणार होते?”

नवरा झाडाखाली मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, पाठ ताठ आणि चेहरा असा, की ही ओरडणारी बाई दुसऱ्याच कुणाची तरी बायको असावी. त्याच्यापासून दहा पावलांवर पाटाचं पाणी त्यांच्या गव्हाला न शिवता सरळ खालच्या वावरात चाललं होतं.

पाटाला पाणी यायचं आठ दिवसांतून एकदा. आज त्यांची पाळी होती, दुपारी बारा ते चार. या पाटावर घड्याळापेक्षा हाकेला मान होता. वरच्याचं भिजवून झालं की त्यानं “सुटलं” म्हणून हाक मारायची आणि खालच्यानं “घेतलं” म्हणून ओ द्यायची. तीन हाकांत ओ आली नाही तर पाणी पुढच्याचं. फार वर्षांपूर्वी एकजण पाळीच्या वेळी झोपून राहिला, बांध फुटला आणि तीन वावरं धुऊन निघाली, तेव्हापासून ही रीत पडली होती. मान डोलावलेली चालायची नाही, हात केलेला चालायचा नाही. आवाज आला पाहिजे.

आणि हिच्या नवऱ्यानं चाळीस दिवसांचं मौन धरलं होतं.

तसा हा माणूस आधी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. सगळं गाव त्याला ‘रेडिओ’ म्हणायचं. सकाळी घराबाहेर पडला की पारापर्यंतच्या शंभर पावलांना याला तास लागायचा. गेल्या वर्षी कुठल्याशा शिबिराला गेला आणि तिथून शांती घेऊन आला. आधी पहाटे बसायला लागला, मग दुपारी, मग पेरणीतही. झाडात, वाऱ्यात, मुंगीत त्याला म्हणे काहीतरी दिसायचं. थोरलीला त्याच मुंग्या धान्याच्या कोठीत दिसायच्या. तो बसला की राहिलेलं काम उभं राहायचं, आणि ते करायला घरात दुसरं होतं कोण? धाकटा दीर बायकोला घेऊन शहरात गेला त्याला दहा वर्षं झाली होती. सासरे अंथरुणाला खिळलेले. घरातली थोरली सून म्हणून हिचं नाव थोरली पडलं, आणि आता ती एकटीच उरली होती.

आज सासऱ्यांना जेवू घालायला घरी जाण्याआधी तिनं नवऱ्याला चार वेळा बजावलं होतं. गहू चिकात आहे, आज पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही, हाक आली की तेवढं एक ‘घेतलं’ म्हणा आणि मग हवं तर वर्षभर तोंड उघडू नका. त्यानं मान हलवली होती. ती तेवढ्या मानेवर विसंबून गेली, हीच तिची चूक.

“हाका ऐकू आल्या नाहीत का?” तिनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. शेजारची पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: तिन्ही ऐकल्या. मन हललं नाही.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर जे लिहिलं होतं त्याचा त्याला आनंद झालेला दिसत होता. परीक्षेत पहिला आलेला पोरगा निकाल दाखवतो, तशी त्यानं पाटी धरली होती.

“मन नाही हललं,” ती म्हणाली. “गव्हाचं पान बघा कसं वळलंय. त्याला कुठल्या शिबिराला धाडू?”

तिला रडू येत होतं ते रागानं. कारण शांती काय असते ते तिला ठाऊक होतं. पहाटेच्या पाळीला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं, तहानलेल्या मातीचा वास वर आला, की तिलाही कितीतरी वेळ स्वतःचं नाव आठवायचं नाही. सासऱ्यांचं दुखणं नाही, घर नाही, काही नाही. पण तेव्हाही तिच्या हातात खोरं असायचं आणि कुठला वाफा भरला हे पायांना कळत असायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

ती तरातरा खालच्या वावरात गेली. खालचा शेतकरी चाऱ्याला पाणी देत होता.

“भाऊजी, माझं पाणी परत द्या.”

“वहिनी, मी चोरून घेतलंय का?” तो म्हणाला. “तीन हाका मी या कानांनी ऐकल्या. तिसऱ्या हाकेनंतरसुद्धा थांबलो. रेडिओ डोळे मिटून बसलेला. मी काय करू?”

“तुमचा चारा आठ दिवस थांबेल. माझा गहू थांबायचा नाही.”

“ते खरंय. पण आज तुम्हाला दिलं तर उद्या दुसरा येईल. रीत एकदा मोडली की पाटावर डोकी फुटतात.”

“मग मोडू नका. वरच्याला पुन्हा हाक मारायला लावा. ओ येते की नाही बघा.”

तो खोऱ्यावर रेलून वळलेल्या गव्हाकडे बघत राहिला. “हा वाफा भरला की मी माझ्या वावराचं तोंड बांधतो,” शेवटी तो म्हणाला. “चारपर्यंतचं तुमचं. निम्मं रान तरी भिजेल.”

निम्मं. उरलेलं निम्मं तिला डोळ्यांदेखत वाळताना बघायचं होतं. तिनं मान डोलावली आणि पाटाच्या कडेनं वर गेली. वरचा शेतकरी पाटाचं पाणी अडवायच्या फळीपाशी बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. तोही तयार झाला आणि सवयीनं तोंडाशी हात नेऊन हाक मारायला लागला, “ए रेडिओ—”

“त्यांना नको,” थोरली म्हणाली. “मला हाक मारा. आजपासून दर पाळीला मलाच मारा.”

वरचा गोंधळला. या पाटावर बाईच्या नावानं कधी हाक गेली नव्हती. “काय म्हणून मारू?”

“थोरली म्हणून मारा. सगळं गाव तेच म्हणतं.”

ती धावत आपल्या वावराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. वरून हाक आली, “थोरली, सुटलं.”

“घेतलं,” ती ओरडली. खालच्यानं तोंड बांधलं आणि तिनं गव्हाच्या पहिल्या वाफ्यात खोरं घातलं.

तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. नवरा झाडाखालून उठून बांधावर आला होता. मान लाल झालेली, नाकपुड्या फुललेल्या.

“पाळी माझ्या नावावर आहे,” तो म्हणाला.

एकोणतीस दिवस न वापरलेला आवाज फाटका निघाला. पण दोन्ही वावरांत स्पष्ट ऐकू गेला. खालचा शेतकरी काम थांबवून बघायला लागला. वरचा फळीपाशी उभा राहिला. नवऱ्यालाही एकदम कळलं आपण काय केलं ते, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला.

थोरलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. पाणी वाफ्यात शिरलं होतं आणि पलीकडचा बांध एका जागी झिरपत होता.

“असू दे तुमच्या नावावर,” ती म्हणाली. “तो बांध झिरपतोय. चप्पल काढा आणि आत उतरा.”