टाकीशेजारी

मी एक जुना दगडी शिक्का आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढा. लियांग नावाच्या चिनी वेल्डरच्या आजोबांनी माझ्या तळाशी आपले टोपणनाव कोरले होते. ते कविता करीत. पुढे लियांग मला खिशात घालून सौदीला आला. रास तनुरापासून तासाभरावरच्या एका कामगार कॅम्पात त्याची केरूशी गाठ पडली. केरू साताऱ्याकडचा पाइपफिटर, आणि कविता करण्याची खोड त्यालाही होती.

लियांग कामापुरत्या हिंदीत सांगे, "हमारा पुराना कवी घर देखके नाम लेता. दरवाजे पे पेड, तो पेड का नाम. राजा ने भगाया, तो जिधर भगाया, उधर का नाम." शिक्षेची जागाच नाव म्हणून मिरवायची, हे केरूला फार आवडले. त्याची खोली कॅम्पच्या पाण्याच्या टाकीला लागून होती. त्याने नाव घेतले 'टाकीशेजारी'. मायदेशी परतण्याआधी लियांगने आजोबांचे नाव घासून काढले आणि केरूने कागदावर लिहून दिलेले हे नवे नाव कोरून दिले. घासताना मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण पहिला लाल ठसा उमटला आणि केरूचा चेहरा उजळला, तेव्हा मी ते विसरलो.

पुढे टाकीच्या पाण्याला वास येऊ लागला. माणसे पोटाने आजारी पडली. कॅम्प बॉस सदानंदसाहेब नुसते "बघू" म्हणत. मग केरूने त्यावर कविता लिहिली, खाली माझा ठसा मारला आणि कागद मेसच्या भिंतीला चिकटवला. टोपणनावाच्या भरवशावर तो निर्धास्त जेवला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात ते हेच, आणि धोंडा म्हणजे मी. टाकीला लागून खोली एकच होती, आणि तिच्यात मराठी माणूसही एकच.

सदानंदसाहेब चिडले नाहीत, याचीच मला भीती वाटली. दुपारी ते दारात आले.

"कविता बरी आहे रे, केरू. तुझा इकामा रिन्यू व्हायचाय ना? उद्या ऑफिसात ये. येताना तो शिक्का पण आण."

ते गेल्यावर केरूने मला मोरीच्या सिमेंटवर घासायला घेतले. नाव गेले की पुरावा गेला. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला, तर त्याला परत जावे लागणार होते. माझे पहिले अक्षर अर्धे झिजले, तोच खाटेवरून तापाने फणफणलेला खोलीसोबती हाशिर म्हणाला, "केरूभाई, पानी."

द्यायला टाकीचेच पाणी होते. केरूचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, "हा टाकीशेजारी कोण?" केरूने मला शाईत बुडवले आणि इकाम्याच्या अर्जावर, सहीच्या जागी, ठसा उमटवला.

"मीच, साहेब. पाण्याचं बघा."

साहेबांनी फोन उचलला, केरूला बाहेर बसायला सांगितले आणि मला खणात टाकले. पुढचे मला माहीत नाही. खणात बाहेरचे काही ऐकू येत नाही.

मित्रांनो, राहत्या जागेचे नाव घेतले, की त्या जागेची जबाबदारीही अंगावर येते. कुणाच्या हाती मी लागलोच, तर एवढे करा. मला घासून दुसरे नाव कोरू नका. आधी विचारा, या नावाचा माणूस जिवंत आहे का.