हरिश्चंद्राचा वाटा

होडी उलटली तेव्हा पाणी गुडघाभर होतं. हे मला आजही पटत नाही. गुडघाभर पाण्यात माणसाचं काय वाईट होणार? पण मागून लाट आली, रिकामी होडी आडवी फिरली आणि तिची कड हरिश्चंद्राच्या कंबरेत बसली. मी टोपली घेऊन काठावरच उभी होते. त्याला ओढून वाळूत ठेवला तर तो चांगला शुद्धीवर होता आणि विचारत होता, "माझे पाय खंय आसत?" पाय त्याच्या समोरच होते.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मालवणच्या डॉक्टरांनी त्याच्या पायाला टाचणी टोचली, हा आपला आढ्याकडे बघत पडलेला. कंबरेखालचं सगळं गेलं होतं. घरात बायको सुभद्रा, दोन लहान मुली आणि म्हातारी आई.

आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता दाजी. रापणीची रीत अशी, की होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्या बाप्यांनी मिळून ओढायचे आणि मासळी आली की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. दाजीने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हरिश्चंद्राचो वाटो निघतलो. तो वडताच हा, असा समजा." सगळे रडले. माझा नवरा शंकर तर इतका रडला, की मलाच त्याला आवरावं लागलं. सुभद्रा रोज यायची, नवऱ्याचा वाटा टोपलीत भरायची आणि बाजारात विकून घर चालवायची.

मग बांगडा गायब झाला. जाळं ओढून ओढून हाताला फोड यायचे आणि आत निघायचं शेवाळ. दोराला हात न लावणाऱ्याला वाटा देता, ते दर्याला खपत नाही, असं कुणीतरी बोललं आणि बघता बघता ते सगळ्यांचंच म्हणणं झालं. शंकरही तेच बोलू लागला. मी म्हटलं, "त्या दिसा रडल्यात ता इसारल्यात?" तर भरल्या ताटावरून उठून गेला. जा म्हटलं, उपाशी राहा.

सुभद्राला तोंडावर सांगायची छाती कुणाचीच नव्हती. म्हणून देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या आणि दाजीने गाऱ्हाणं घातलं, वाटा बंद करायचा असेल तर उजवी पाकळी दे. सुभद्रा खांबाला धरून उभी होती. पाकळी पडली ती डावी. मी मनातल्या मनात हात जोडले. सुटली बिचारी.

दाजी खाकरला. "आमचाच कायतरी इचारूक चुकला," म्हणाला. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

तरी कुणी जागचं हललं नाही. गुरव पुन्हा पाकळ्या लावू लागला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी ओरडेल. तिसऱ्या खेपेला उजवी पडली आणि सगळे घाम पुसायला लागले. पहिल्या दोन वेळी काय देवी झोपली होती? तसं मी मोठ्याने म्हटलंही, पण बायकांचं ऐकतो कोण. सुभद्रा खांब सोडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप्ये दोर ओढत होते, आणि सुभद्रा वाळूतून येताना दिसली. नवरा तिच्या पाठुंगळीला. एवढा थोराड बाप्या, त्याचे पाय तिच्या मागून वाळूत फरफटत होते. तिने त्याला दोराच्या टोकाशी बसवलं.

"हात आसत माझे," हरिश्चंद्र म्हणाला, आणि त्याने दोर धरला.

"हरी, येडो झालंस काय?" दाजी म्हणाला.

त्याला बघून बाकीच्यांचे हात सैल पडले. तेवढ्यात लाट मागे फिरली आणि दोर उलटा सुटला. बाप्यांनी टाचा रोवल्या. ह्याला रोवायला पायच कुठे होते? हरिश्चंद्र बसल्या जागेवरून पाण्याकडे ओढला गेला. "सोड, हरी, सोड!" शंकर ओरडला. त्याने सोडला नाही. मांडीची सालटी निघून वाळू लाल होत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं. तो नुसता आमच्या तोंडांकडे बघत होता.

आमच्या किनाऱ्यावर रापणीच्या दोराला बाईने हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. सुभद्राने काष्टा घट्ट खोचला, धावत जाऊन नवऱ्याच्या मागे बसली, दोन्ही पाय वाळूत रोवले आणि त्याच्या काखेखालून हात घालून दोर धरला.

"वडा!" ती ओरडली.

नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सगळ्यांनी ओढलं.

मासळी आली ती बेताचीच, थोडे बांगडे, थोडी तारली. दाजीने वाटे घातले. हरिश्चंद्रासमोर त्याने एक वाटा ठेवला, मान वर न करता. मिटलं एकदाचं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

पण सुभद्रा टोपली पुढे करेना.

"दाजीनू," ती म्हणाली, "आज दोर आमी दोघांनी वडलो. दुसरो वाटो खंय आसा?"